दोन सारखे मासे

फॉर्मालिनच्या वासात आज दोन उडते मासे शेजारी-शेजारी ठेवले. डोळे, खवले, पंख, सगळं सारखंच. फक्त एकाच्या पंखातला दुसरा काटा टोकाशी दुभंगलेला, म्हणून जात नवी. हे लिहितानाच हात थांबला.

माझ्या लहानपणी रहिमतपूरच्या घरी फौजी काका अंदमानहून सुटीवर आले होते. सोबत वाळवलेला उडता मासा. घराच्या पुढच्या सोप्यात त्याचा खारट वास भरला. काकांचं हसू तेच, हनुवटीवरचा व्रणही तोच. पाण्याचा तांब्या पुढं करता करता काकू मागं सरली आणि आईला हळूच म्हणाली, "आवं आक्का, ह्ये ते न्हाईत."

आम्ही सगळे लय हसलो. तिला काय वेगळं दिसलं, ते कुणी विचारलंच नाही. काकू मात्र मरेपर्यंत त्यांच्याकडं पाठ करून कधी बसली नाही.