ताईच्या वाटणीचा रस

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर पुजल्याशिवाय आमच्या घरी कोणी आंबा तोंडाला लावत नाही. नंदुरबारच्या बाजारात कितीतरी आधीपासून आंब्यांचे ढीग लागलेले असतात, पण आम्ही मान वळवून पुढे जातो. घागर पुजली की माहेरी आलेल्या बहिणीला रसाची पहिली वाटी भावानं स्वतःच्या हातानं द्यायची. वडील आत्याला देत, मी माझ्या थोरल्या बहिणीला देत आलो. चार वर्षांपूर्वी मात्र मी ती दिली नाही.

त्या वर्षी मी नुकताच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो होतो आणि शिकवायला हाताशी कोणी उरलं नव्हतं. त्यातच एका आरोग्य शिबिरात माझी साखर काठावरची निघाली. झालं! मास्तरला विषय मिळाला. मी कार्डशीट आणलं, पट्टीनं रकाने आखले आणि उन्हाळ्यात आपण काय काय पितो ते एकाखाली एक लिहून काढलं. उसाचा रस, पन्हं, लस्सी, बाटलीतली थंड पेयं, आमरस, मठ्ठा. प्रत्येकापुढे कॅलरी. साखरेची पेयं लाल अक्षरात, मठ्ठा एकटा हिरव्या. तक्ता फ्रिजवर चिकटवला तेव्हा बायको म्हणाली, "पाव्हना येतीन, त्यासले काय हाऊ कागद पाजशात का?" मला ते अजिबात आवडलं नाही.

आखाजीला ताई जावयाला घेऊन सासरहून, कोरीटहून आली. तिच्या बांधावर गावठी आंब्याचं एक झाड आहे, त्याचे पिशवीभर आंबे घेऊन. तिला दहा वर्षांपासून साखर, शिवाय रक्तदाबाची गोळी. पंगत बसली. सगळ्यांच्या ताटात तिच्याच आंब्यांचा रस वाढला. माझ्याही ताटात छोटी वाटी होती, कारण माझी साखर काठावरची. ताईपुढे मी मठ्ठ्याचा उंच ग्लास ठेवला.

तिनं सगळ्यांच्या ताटांकडे पाहिलं आणि लाडानं विचारलं, "भाऊ, मन्हा वाटाना रस कोठे शे?"

इथेच मी थांबायला हवं होतं. पण मी तिला ताटावरून उठवलं, फ्रिजपाशी नेलं आणि आमरसाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणालो, "वाच." आवाज वर्गातला होता. ताई चौथी शिकलेली. ती अडखळत, मोठ्यानं वाचू लागली. तिचा जावई पंगतीत खाली मान घालून बसला होता. वाचून झाल्यावर ती "बरं" म्हणाली, परत येऊन बसली आणि मठ्ठा प्याली. मी खूश होऊन आणखी दोनदा ग्लास भरला. हिरव्या अक्षरातलं पेय, त्याला कशाची भीती? चव यावी म्हणून मीठही सढळ हातानं घातलं होतं.

संध्याकाळी तिचं डोकं ठणकू लागलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि कपाळाला आठ्या घातल्या. दिवसभरात काय काय खाल्लं-प्यालं ते विचारलं. लोणचं, पापड आणि तीन ग्लास खारा मठ्ठा. "गुरुजी, साखर सांभाळलीत, पण मिठाचं काय?" ते म्हणाले. मिठात कॅलरी नसतात, म्हणून माझ्या तक्त्यात मिठाला रकानाच नव्हता. ताई मात्र त्यांना म्हणाली, "भाऊनी चांगलासाठेच करं."

एवढ्यावर भागलं असतं तरी मी स्वतःची समजूत घातली असती. पण आठवड्यानं भाचीचा फोन आला.

"मामा, माय डॉक्टरले इचारीसन उनी व्हती," ती म्हणाली. पुरणपोळी सोडली तर अर्धी वाटी बिनसाखरेचा रस चालेल, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या अर्ध्या वाटीसाठी ताईनं आधीचे आठ दिवस भात आणि चहातली साखर सोडली होती. त्या दिवशी तिनं पोळीला हातही लावला नव्हता. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

फोन ठेवला आणि तक्ता ओढून काढला. फ्रिजवर चिकटपट्टीचे डाग राहिले, ते अजून आहेत. त्यानंतर मी तिला दोनदा "चुकलो" म्हणालो. दोन्ही वेळा ती हसली आणि पाऊसपाण्याचं बोलू लागली. आखाजीला ती येते, आंब्यांची पिशवीही न चुकता आणते. पण जेवायच्या वेळी म्हणते, "मी घर जेवीसन उनू," आणि तासाभरात परत निघते.

यंदा मी तिला हट्टानं ताटावर बसवलं. तिच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. आंबे मी स्वतः पिळले, साखरेचा कणही घातला नाही, आणि अर्धी वाटी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

ताईनं वाटी घेतली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि हळूच माझ्या ताटाकडे सरकवली. "ऱ्हाऊ दे भाऊ. आते मन्ही सवय मोडनी. तू पी, तुले आवडस." त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते.

मग तिनं पिशवीतून आपली बाटली काढली आणि माहेरच्या ताटावर बसून कोरीटचं पाणी प्याली.