पट्टा सोडण्याआधी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी खंडेराव मार्केटात तोंडली निवडत होते. "लवकर या," एवढंच म्हणाले. आणि मी मेली शहाणी, आधी घरी गेले, भाजी ठेवली, साडी बदलली... पोहोचले तोवर दादा गेला होता. पाच आठवडे झाले, ती साडी मी पुन्हा नेसलेली नाही.

विनूदादा माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यावर समा भागातल्या घरात तो आणि गोट्या, त्याचा तांबडा गावठी कुत्रा, दोघंच. सोसायटीमागच्या मैदानात सकाळी कुत्री मोकळी सोडायची मुभा होती, पण दादाचा तिथेही कचेरीतलाच कारभार! आधी चारी बाजूंना नजर. पोरं खेळत नाहीत ना, कुणी म्हातारं माणूस फिरत नाही ना. मगच पट्टा सोडायचा. खिशात रद्दीचे तुकडे, गोट्याची घाण स्वतः उचलायला. "नोकरीत साहेबापुढे कधी एवढा वाकला नाहीस रे," मी चिडवायची. तो म्हणायचा, "अगं कुमे, मोकळा सोडला म्हणजे वाऱ्यावर सोडला नव्हे."

चूक झाली ती एकदाच. दादा गप्पांत रंगला आणि गोट्या शेजारच्या हंसाबेनच्या अंगावर धावला. त्या घाबरून गुजरातीत ओरडल्या, "बस! हवे बस!" म्हणजे पुरे आता. गोट्या पडला मराठी घरातला. तो त्यांच्यासमोर पटकन बसलाच, शेपूट हलवत! सगळे हसले, हंसाबेनसुद्धा. दादा मात्र हसला नाही. "कुत्रा शहाणा निघाला म्हणून माझी चूक थोडीच पुसली जाते?" संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन त्याने हात जोडले. पुढे मैदानात गप्पा बंद. हंसाबेनना त्याने गोट्याचे मराठी शब्द शिकवले, आणि त्या रोज सकाळी त्या दोघांबरोबर फिरू लागल्या.

आता गोट्या माझ्याकडे, दांडिया बाजारात. दोन खोल्यांत कोंडून तो धड खाईना, म्हणून परवा जिवाचा धडा करून त्याला मैदानावर नेलं. हंसाबेन होत्याच. चारी बाजूंना पाहिलं, पट्टा सोडला... आणि तो धूम पळाला, दादाच्या बंद घराकडे! "गोट्या, ये! ये रे!" ओरडून माझा घसा बसला. दादाचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं, तेही मी घालवलं! बऱ्याच वेळाने आला, मान खाली घालून. मी रागाने हात उगारला. हंसाबेननी तो वरच्या वर धरला.

"ना, ना, कुमुदबेन! दादा असं कधी नाही करत. दादा काय म्हणायचे, खबर छे? उशिरा आला तरी आला ना? आलेल्याला रागवायचं नाही."

मी तिथेच गवतात बसले आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर रडले.