लांबलचक वाक्य

माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा आम्ही तिला इंग्रजी शाळेत घातलं. मांजरसुंब्याला रस्त्याकडेला आमचा छोटा ढाबा आहे, शाळेची पिवळी गाडी दारातूनच जायची. आम्हा नवरा-बायकोचं शिक्षण मराठीत, तेही दहावीपर्यंत. तिचं तरी बरं होईल, एवढाच विचार.

दिवाळीच्या आधी तिला लघवीला जळजळ व्हायला लागली. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "ही पाणी किती पिते?"

"बाटली भरून देते की रोज."

"आणि घरी येते तेव्हा?"

बाटली तशीच परत यायची. शाळेतल्या नळाचं पीत असेल, असं मी धरून चालले होते.

येताना एसटीत तिला मांडीवर घेऊन विचारलं, "कावून पीत न्हाईस गं पाणी?"

खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "प्यालं की बाहेर जावं लागतं. आन् ते इंग्लिशमधीच इचारायचं आसतं. लई लांबलचक वाक्य हाय. मला येत न्हाई."

ऐकून नवरा भडकला. "उद्याच दाखला काढून आण. गावातल्या शाळेत घालू." मलाही ते पटत होतं, पण आधी तिच्या वर्गाच्या मॅडमना भेटावं असं वाटलं. मॅडम इंग्रजीत बोलल्या तर? फाटकातून आत जाताना मी 'गुड मॉर्निंग मॅडम' एवढंच घोकत होते.

ते म्हणायची वेळच आली नाही. "या ताई, बसा ना," मॅडमच म्हणाल्या. तरणी पोर होती, केजकडची. मी सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"ती वर्गात बोलत नाही, हे दिसत होतं मला. लाजाळू असेल म्हटलं." एवढं बोलून त्या उठल्या आणि थेट हेडसरांच्या खोलीत गेल्या. मी बाहेर बाकावर. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"सर, इंग्रजी शिकवायची जबाबदारी माझी. पण पाणी, लघवी, दुखणं-खुपणं मुलं मराठीतच सांगणार."

"पालक काय म्हणतील, मॅडम?"

"पालक बाहेरच बसल्यात, सर. विचारा त्यांना."

सरांनी काही मला विचारलं नाही, 'बरं, चालू द्या' एवढंच म्हणाले. मॅडम हसत बाहेर आल्या. मी भीत भीत म्हटलं, "आमी घरी तिच्याशी इंग्लिश बोलावं का?"

"अजिबात नको. तुम्ही मराठीत भरपूर बोला, गोष्टी सांगा. तिला मराठीत जे कळतं, त्याचं इंग्रजी करायला मी आहे."

मला एकदम हलकं वाटलं. चुकीच्या इंग्रजीत पोरीशी बोलायचं, हे माझं मलाच नको वाटत होतं.

मॅडमनी तिला एका बोलक्या मुलीशेजारी बसवलं. भिंतीवर नळाची, संडासाची चित्रं लावली. शब्द आठवला नाही तर चित्रावर बोट ठेवायचं. माझी पोरगी पाणी प्यायला लागली, जळजळ थांबली. बोलणं यायला मात्र वेळ लागला.

थंडीत एकदा मी फी भरायला गेले होते. वर्गाच्या खिडकीतून माझ्याच पोरीचा आवाज आला. सकाळी ढाब्यात बकरी शिरली होती, तेच ती सांगत होती.

"मॅडम, गोट ईट कोथिंबीर!"

"ओ, द गोट एट द कोथिंबीर! मग? देन?"

"देन पप्पा रन. गोट रन. मम्मी..." शब्द सापडेना. तिने मराठीतच सांगून टाकलं, "मम्मी नुसती हसत बसली!"

सगळा वर्ग हसला, तीही हसली. मॅडमनी फळ्यावर बकरी काढायला घेतली. मी खिडकीशी डोळे पुसत उभी राहिले. शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काय झालं, ताई?"

"काय न्हाई," मी म्हटलं, "पोरगी बोलतीय."