आप्पांच्या नावावरची चूक

आप्पा गेल्याचा फोन त्यांच्या गावाहून, यवतहून आला, तेव्हा ते रजेवर असल्यानं मी कचेरीत त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांच्याच लॉगिनवर काम करत होते. महिना होऊन गेला. अजून बटण दाबताना मागं कुणी घसा खाकरल्यासारखं वाटतं...

आप्पा आमच्या तालुक्याच्या कचेरीतले जुने लिपिक. निराधार पेन्शन बंद झालेली माणसं अपील करत, साहेब सुनावणी घेत आणि निकाल आप्पा कॉम्प्युटरवर चढवत. पण 'अंतिम' बटण दाबण्याआधी समोरच्याला तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. "ऐका मावशी, मंजूर लिहिलंय. व्हय ना?" त्यांच्या हाताखाली काम करणारी मी चिडायचे. "आप्पा, बाहेर रांग लागलीय, इथं पारायण काय लावलंय!" ते हसायचे. "अगं, त्यास्नी स्क्रीन वाचता येत न्हाई. आपल्याला येतं, म्हंजी आपुन वाचायचं."

एकदा ते जेवायला गेले असताना राहिलेले निकाल मी भराभर चढवले, त्यांच्या लॉगिनवर. आधीच्या प्रकरणाचं 'नामंजूर' तसंच राहिलं आणि कासुर्डीच्या हिराबाईंच्या मंजूर अपिलावर जाऊन बसलं. वाचलं कुठं मी! चार महिने बाईंची पेन्शन आली नाही. चूक उघडी पडली, तेव्हा नोटीस आप्पांना आली, कारण नोंद त्यांच्या नावावर. मी रडत म्हणाले, "साहेबांना खरं सांगते." आप्पा म्हणाले, "गप बस. तुझी नोकरी कंत्राटी हाय, उद्या घरी बसवतील." आणि मी खरंच गप्प बसले. त्याची लाज अजून जात नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव त्यांनीच वर पाठवला, पण परवानगी येईपर्यंत ते राहिले नाहीत.

परवा परवानगी आली. दुरुस्तीचा फॉर्म उघडला, तर 'चूक करणारा कर्मचारी' या रकान्यात आप्पांचं नाव आपोआप येऊन बसलेलं. मी ते खोडलं, माझं लिहिलं. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. हिराबाईंना बोलावून घेतलं आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, माझ्या नावासकट.

हिराबाईंनी विचारलं, "तुझी चूक व्हती व्हय? मग आप्पा माझ्या दारात येऊन हात जोडून का उभं ऱ्हायलं?"

"आप्पा तुमच्याकडे आले होते?" मी विचारलं.

"लय वाईट बोलले गं मी त्यास्नी," त्या म्हणाल्या. "आता कुठं जाऊन माफी मागू?"