मुठीतलं तापमान

थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, उन्हात ठेवलं की सुटतं. आपल्या पेशींच्या पडद्यातले मेदही तसेच. प्रत्येकाचं एक तापमान ठरलेलं. त्याच्या खाली ताठ, वर सैल. ही तापमानं आमच्या प्रयोगशाळेतल्या नलूताईंनी वर्षानुवर्षं कार्डांवर नोंदली. त्या आता निवृत्त झाल्यात, आणि त्यांची कार्डं मी संगणकात भरतोय.

आज एका कार्डावर आकडा नव्हता, नुसता शेरा होता: ‘बोलण्याच्या नादात नळी मुठीतच राहिली. मोजण्याआधीच मेद वितळला.’ पुढच्या कार्डावर त्याच मेदाचं नीट मोजलेलं तापमान होतं. मी फोन केला. “ताई, हे चुकलेलं कार्ड काढून टाकू ना?”

“टाक की,” त्या हसल्या. “तू नोकरीवर आलास तो दिवस रे तो. इतका अवघडून बसला होतास! तुला बोलतं करता करता हातातली नळी विसरले.”

मला ती खुर्ची आठवली. चहा संपेपर्यंत मी त्यांना घरचं सगळं सांगून टाकलं होतं. माणूस किती उबेला सैल होतो, हे त्यांनी दुसऱ्या कुठल्याच कार्डावर नोंदलेलं नाही.

संगणकात शेऱ्यासाठी रकाना नव्हता. तो आज केला, आणि शेरा जसाच्या तसा भरला.