पेज उतू गेली आणि सून आरोपी झाली

ते प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतरही माझं डोकं गरगरतं. किन्हवलीकडच्या एका पाड्यावर नुकताच घरोघरी गॅस आला होता. एका सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात फोन खणखणला. पाड्यावरची एक बाई बोलत होती, "साहेब, शेजारची सून सासूला जाळून मारणार. रोज गॅस सोडून ठेवते."

हवालदाराला घेऊन निघालो. माझं नाक असं, की मुरबाडात कुणी फोडणी दिली तर शहापुरात मला शिंक येते. पाड्याच्या वेशीवरच मला वास आला. हवालदार म्हणतो, तो आमच्या जीपच्या डिझेलचा होता. त्याचं ऐकू नका.

घरात माणसं तीन. सासू, मुलगा आणि सून. सून पायरीवर बसलेली, मांडीवर कपड्यांची पिशवी. तिचे वडील मुरबाडहून तिला कायमची न्यायला निघाले होते. म्हणजे पोरगी एक तर माहेरी जाणार होती, नाहीतर माझ्या जीपमधून ठाण्यात.

जबाब सुरू केले.

सासू म्हणाली, "भात मीच रांधते. चढवते नि उंबऱ्यात भाजी निवडत बसते. आत येते तर वास! पेटवल्यावर बटणाला मी हात पण नाय लावला."

सून म्हणाली, "मी शेतावरनं येते तर बटण चालू, जाळ विझलेला. मी बंद करते, दारं उघडते. बटणापाशी मीच दिसते, म्हणून मीच चोर."

मुलगा म्हणाला, "मी आसनगावला सकाळीच गाडी पकडतो. आज रजा टाकलीय. मला काय म्हाईत?"

तिघं खरं बोलत होती, हीच पंचाईत. नळीवर साबणाचा फेस फासून पाहिला; एक बुडबुडा नाही. म्हणजे गळती नव्हती, काम माणसाचंच होतं. माझा संशय सुनेवरून सासूवर गेला, सासूवरून मुलावर, आणि खोटं कशाला सांगू, घटकाभर हवालदारावरही.

शेवटी म्हटलं, "मावशी, रोज करता तसंच करून दाखवा."

तिने शेगडी पेटवली. टोपात भरपूर पाणी घालून भात चढवला, कारण पेज नसेल तर त्या घरात जेवण झालंच नाही असं मानतात. मग उंबऱ्यात भाजी घेऊन बसली. पेज फेसाळली, वर आली, उतू गेली. जाळ फस्स करून विझला. मावशीने एकदा पाहिलं आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं.

"मावशी, जाळ गेला की!"

"धरंल परत. चुलीत पण पेज सांडली का विझतो जरासा. निखारा धरतो मंग. दम धरा, साहेब."

 तेवढ्यात उकडतंय म्हणून हवालदाराचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. "हात मागे!" मी अशी आरोळी ठोकली की उंबरमाळीची माकडं झाडावरून पडली असतील. शेगडीचं बटण बंद केलं, टाकीचा रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि सगळ्यांना अंगणात काढलं. वास जाईपर्यंत काडी ओढायची नाही, विजेच्या बटणाला बोट लावायचं नाही, असा हुकूम सोडला.

मग मावशीला समजावलं, की या शेगडीत निखारा नसतो. जाळ विझला तरी गॅस येतच राहतो.

ती सुनेकडे वळली. "म्हंजे तू रोज येऊन मला वाचवत होतीस का गो?"

"आई, तुमी बोलू कुठं दिलं?"

सुनेचे वडील पोचले तेव्हा कपड्यांची पिशवी सासूच्या हातात होती. मावशीच ती परत घरात नेत होती.

'जाळ विझलेला' हे सुनेच्या जबाबात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण तो कसा विझला, हे विचारायचं सुचलं नाही. मी माणसाचा हेतू शोधत बसलो. हाताची सवय तपासलीच नाही.

आता घरी दूध तापत असलं की मी शेगडीपाशी उभा असतो. बायको विचारते, "पहारा कसला? दूध पळून जाणार आहे का?"

मी सांगतो, "दूध नाही गं. जाळ पळतो, आणि जाताना कुणाला सांगत नाही."