भावजींचा खोकला आणि माझी साफसफाई

माझ्या धाकट्या जावेला आमच्या हौशी नाटक मंडळीत सगळे आवाजमावशी म्हणतात. स्वतःचा आवाज देवाने तिला बेताचाच दिलाय, पण जगातला दुसरा कुठलाही आवाज तिच्या तावडीतून सुटलेला नाही. नाटकात विंगेमागे दार करकरलं, काच फुटली, लांब कुठेतरी कुत्रं रडलं, की समजावं, ही आमची जाऊ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ती निवृत्त झाली, कान काही झाले नाहीत. माझ्याकडे आली की "कशा आहात" राहिलं बाजूला, आधी म्हणणार, "ताई, तुमच्या फ्रिजचा सूर उतरलाय." आणि आठवड्याभरात फ्रिज बंद. लोकांची नजर लागते, हिचा कान लागतो.

आवाज गोळा करायला तिच्याबरोबर हक्काचे हमाल होते माझे धाकटे दीर. भावजींनी माईक धरायचा, भावजींनी जिन्यावरून बूट आपटत उतरायचं, भावजींनी गुडघाभर पाण्यात उभं राहून लाटा पकडायच्या. तक्रार नाही. फक्त त्यांना खोकला होता. या घराण्याचा खास खोकला आहे तो: आधी दोन तुटक, मग एक लांबलचक, आणि शेवटी कुणीतरी मोठा प्रश्न सोडवल्यासारखं "हं!" एकदा सकाळभर खपून तिने समुद्राच्या लाटा रेकॉर्ड केल्या आणि बरोबर मधोमध भावजी खोकले. तिने त्यांना परतीच्या वाटेवर असं काही झाडलं की बिचारे दोन दिवस खोकलेसुद्धा परवानगी काढून.

पण मंडळीच्या दिग्दर्शकाने ते ऐकलं आणि उडालाच. तेव्हा आमचं एक नाटक बसत होतं. समुद्रकाठच्या घरात एक बाई वर्षानुवर्षं नवऱ्याची वाट बघते. शेवटच्या प्रवेशात तो दिसत नाही. लाटा ऐकू येतात, खडीवर पावलं वाजतात आणि एक खोकला. बाई मान वर करते, दिवे जातात, संपलं. नाटक इतकं चाललं की दर वर्षी त्याचा एक प्रयोग होतोच. भावजी गेले त्यालाही आता बराच काळ झाला. खोकला मात्र दर वर्षी वेळेवर हजर. तो वाजवायचं बटण जाऊ दुसऱ्या कुणाला दाबू देत नाही. ती ते दाबते तेव्हा मी दुसरीकडे बघते. मी हळवी बाई नाही, पण एवढं मलाही कळतं.

हे सगळे आवाज तिच्या एका जुनाट कॉम्प्युटरमध्ये होते. टेपा कधीच बुरशी लागून गेल्या होत्या, त्याआधी तिने सगळं त्यात उतरवून घेतलं होतं. कॉम्प्युटर कसला, लोखंडी खोकाच तो. तिच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्याने बळकावलेला, आणि चालू केला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर. मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. तशात माझ्या लेकीने मला फोटो-फाइली ठेवायला ऑनलाइन जागा घेऊन दिली. झालं! माझ्या अंगात प्राध्यापकीण संचारली. मी अर्थशास्त्र शिकवलेली बाई, मला व्याख्यान द्यायला फक्त समोर माणूस लागतो, त्याची तयारी लागत नाही.

"अगं, घरात कॉम्प्युटर बाळगणं म्हणजे दाराशी नळ आलेला असताना अंगणात विहीर खणणं," मी म्हटलं. "यापुढे सगळं वर. पाहिजे तेव्हा तोटी फिरवायची."

"नळ कोणाचा, ताई?"

"म्हणजे?"

"पाणी सोडणारा आपल्या घरातला आहे का?"

"एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईने असं बोलावं?"

"म्हणून तर बोलते. लाइन तोडायची कशी, ते आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे."

पण शेवटी ती बधली. माझ्या युक्तिवादाने नव्हे, उगाच श्रेय घेत नाही. खोक्याची घरघर तिच्या नव्या रेकॉर्डिंगमध्ये यायला लागली होती. "करा काय करायचं ते," म्हणाली, "पण नक्की ना, ताई?"

"मी आहे ना!" मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात जिथे जिथे म्हटलंय तिथे तिथे काहीतरी फुटलेलं आहे.

काम मात्र मी चोख केलं. तिच्या खोक्यातले सगळे आवाज सावकाश वर चढले. माझ्या लॅपटॉपवरही त्यांचं फोल्डर दिसायला लागलं, वाजवून बघितलं, वाजले. आता तेच आवाज पुन्हा खोक्यात कशाला? एक वस्तू दोन ठिकाणी म्हणजे पसारा. मी खोक्यातलं फोल्डर डिलीट केलं. मग लॅपटॉपवर बघते तर सगळे आवाज कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसलेले! मला वाटलं, हा खोक्यातलाच केर इथे येऊन पडलाय. डबा रिकामा केला. "कायमचं काढायचं का?" असं काहीतरी विचारत होतं. विचारतच असतात. मी शेवटपर्यंत वाचत नाही, वेळ कुणाला आहे? त्याच ओघात खोकाही पुसून भंगारवाल्याला दिला आणि रिकामं झालेलं टेबल ओल्या फडक्याने पुसून घेतलं. फार प्रसन्न वाटलं.

प्रयोगाच्या आधीच्या तालमीत जावेने माझा लॅपटॉप उघडला.

"ताई, आवाज कुठेत?"

"वर."

"वर काही नाही."

मी लेकीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. "आई, ते दोन ठिकाणी नसतं गं. एकच असतं, दोन ठिकाणी दिसतं. इथलं काढलं की तिथलंही जातं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, मुद्द्याचं बोल. बरं, घाबरू नकोस, कचऱ्याच्या डब्यात महिनाभर राहतं."

"डबा मी रिकामा केला."

"आई!"

"कचऱ्याचा डबा रिकामाच करतात!" मी ओरडले. "त्यात काय साठवण करायची असते?"

कंपनीच्या मदतकेंद्रातल्या मुलीनेही फार गोड आवाजात तेच सांगितलं. भंगारवाल्याने खोका केव्हाच पुढे विकला होता.

जाऊ मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मी उलट चार बोलले असते आणि बरं वाटलं असतं. ती शांतपणे दिग्दर्शकाला म्हणाली, "लाटा, वारा, दार, काच, सगळं मी विंगेत हाताने करीन. पूर्वी तसंच करायचे." मग पर्स उचलून दाराशी गेली आणि मागे न बघता म्हणाली, "खोकला नाही करता येणार."

दिग्दर्शक म्हणाला, नेटवर खोकले ढिगाने मिळतात. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो स्वतःच खोकला.

घरी आले. ताट वाढून बसले. समोर आमचे हे पेपर तोंडापुढे धरून बसलेले. आणि पेपरामागून आलं: दोन तुटक, एक लांबलचक, "हं!" माझ्या तोंडात "बाहेर जाऊन खोका" तयारच होतं, लग्नापासून तेच म्हणत आलेय. ते तोंडातच राहिलं. सख्खा भाऊ! इतकी वर्षं तो खोकला मी घरातून हाकलत होते, ऐकला म्हणून कधी नव्हता.

"तुम्हाला नाटकात काम करायचंय," मी म्हटलं.

"मला? मला चार माणसांत बोलता येत नाही."

"बोलायचं नाही. खोकायचंय."

प्रयोगाला विंगेत आम्ही तिघं. जाऊ खाली बसून, खडी भरलेल्या ट्रेमध्ये दोन्ही हातांत एकेक बूट घेऊन पावलं चालवतेय. मी मोठ्या चाळणीत बारीक खडे फिरवून समुद्र करतेय. अर्थशास्त्राची पदवी शेवटी इथे कामी आली. हे मफलर गुंडाळून उभे. वारा झाला, दार झालं, काच झाली. शेवटचा प्रवेश. लाटा. पावलं जवळ आली, थांबली. जावेने यांच्याकडे बघितलं.

हे गप्प!

दिवसभर घर दणाणून सोडणारा माणूस, पण आता घशातून हवासुद्धा निघेना. रंगमंचावर ती बाई उभी. प्रेक्षागृह गार. मी कुजबुजले. पण मी माइकशिवाय भरलेल्या वर्गाला शिकवलेली बाई. माझी कुजबुज शेवटच्या रांगेत पोहोचते.

"खोका ना! जन्मभर नको म्हटलं तेव्हा खोकलात, आज बरे ऐकताय माझं!"

प्रेक्षागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. हे दचकले, त्यांना ठसका लागला. आणि मग आला तो: दोन तुटक, एक लांबलचक, "हं!"

हसणं जागच्या जागी विरलं. रंगमंचावरच्या बाईने मान वर केली. विंगेत जावेचे हात बुटांसकट खडीत तसेच राहिले. या खेपेला मी दुसरीकडे बघितलं नाही. अंधार झाला, टाळ्या सुरू झाल्या, तरी माझी चाळणी फिरतच होती. शेवटी तिनेच ती हाताने धरली. "पुरे, ताई. समुद्र थांबवा."

दिग्दर्शकाने पुढच्या प्रयोगाला माझ्या तोंडाला पट्टी बांधायचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला, त्यात आमच्या ह्यांचंही मत.

दुसऱ्या दिवशी जाऊ रेकॉर्डर घेऊन आली. "दादा, जमेल तेव्हा खोका. मी थांबते." ते खोकत होते, ती रेकॉर्ड करत होती, पण निखळ खोकला काही मिळेना. एकात मी "सरळ बसा" म्हणतेय, दुसऱ्यात "पाणी देऊ का", तिसऱ्यात "अगं, झालं का तुझं?" शेवटी "आटपा आता, किती वेळ!" आणि त्यावर लगेच, अगदी ठरवून दिल्यासारखा, घराण्याचा अस्सल खोकला.

तिने तो दोनदा ऐकला. "हा ठेवते."

"अगं, पण मी आहे त्यात! माझा भाग कापून टाक."

"लाटांमध्ये तरी ते कुठे हवे होते?"

मी उठून यांना पाणी आणून दिलं.

आता तो खोकला तीन ठिकाणी आहे म्हणे. त्यातलं एक वर, ऑनलाइन. बाकीची दोन घरात, छोट्या डिस्कवर. कुठे, ते मला सांगितलेलं नाही. पासवर्डही बदललाय.